बिनझाकणाची उघाडी

कान्हू म्हात्रेला रोह्यात येऊन तीन वर्षं झाली होती, पण कुठे राहता असं कोणी विचारलं तर तो अजून पेणच्या खारपट्ट्यातल्या आपल्या गावाचं नाव सांगायचा. गावातल्या घराला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली मुलाच्या कपाटात होती. म्हणजे राहायचा तो रोह्यातच, हे कोणीतरी त्याला समजावून सांगायला हवं होतं. पण सांगायला आधी माणूस तरी घरात हवं ना!

बायको धोंडुबाई गेली तेव्हा मुलगा नितेश म्हणाला, "बाबा, एकटे काय करनार तिकडं?" आणि बापाला घेऊन आला. आणून त्याला तिसऱ्या मजल्यावर एकटं ठेवलं. यात नितेशचा दोष काढायला जागा नाही. तो धाटावला एका कंपनीत शिफ्ट करायचा, सून दिशा दवाखान्यात नोकरीला. दोघं गुणी. बापाचं जेवण झाकून ठेवायची, गोळ्या डबीत लावून ठेवायची, टीव्हीचं बटण कुठलं ते तीनतीनदा दाखवायची. पण सकाळी नऊला दार लागलं की संध्याकाळी सातपर्यंत कान्हूचा आवाज कान्हूलासुद्धा ऐकू यायचा नाही. कधी कधी तो मुद्दाम खोकायचा.

त्याचे पाय ही एक वेगळीच गोष्ट होती. चाळीस वर्षं मिठागरात चिखल चोपून आणि खारात उभं राहून त्याचे तळवे पार मरून गेले होते. काच रुतली तरी संध्याकाळी फरशीवर रक्त बघून कळायचं. गावच्या बांधावर हे पाय अंधारातही चुकत नसत, पण गुळगुळीत टाइल्सवर त्यांना काही सुचायचं नाही. रस्त्यावर रिक्षा, मोटारसायकली, खड्डे. दोनदा पडला. मग दिशाने सांगितलं, "बाबा, फिरायचंच असेल तर नदीकाठी जा. तिकडं चांगलं केलंय."

चांगलं केलं होतं, हे कान्हूनेही कबूल केलं. घाटापासून पुलाच्या अंगाला नदीच्या कडेकडेने नवा रस्ता झाला होता. मधे तीन लहान बागा, आणि एकीतून दुसरीत जायला कुठेही पायरी नाही. जमीन खाली जाते तिथे लांबलचक उतार, दोन्ही बाजूंना हाताला लागेल असा कठडा. मधून पिवळ्या, उठावाच्या फरशांची पट्टी, डोळ्यांनी न दिसणाऱ्याला पायाने कळावी म्हणून. गंमत अशी, की कान्हूच्या मेल्या तळव्यांनाही ती पट्टी कळायची. एवढ्या वर्षांत पायाखाली काहीतरी लागलं म्हणून तो पहिल्या दिवशी ती पट्टी दोनदा चालून आला. मधल्या बागेत नदीकडे तोंड करून बाक होते. दोन बाकांच्या मधे एका बाकाएवढी जागा रिकामी. कान्हूची खात्री झाली की तिथला बाक कोणीतरी चोरून नेलाय. रोह्याच्या माणसांबद्दल त्याचं मत तसंही फारसं बरं नव्हतं.

ती जागा कशासाठी आहे हे त्याला पौषातल्या एका दुपारी कळलं. वर रस्त्यावर रिक्षा थांबली. चाळिशीतल्या रिक्षावाल्याने मागून घडीची चाकांची खुर्ची काढली, आतल्या बाईला उचलून तीत बसवलं आणि उतारावरून सावकाश खाली आणून बरोबर त्या रिकाम्या जागेत लावली. "अर्ध्या तासानं येतो, मावशी," म्हणाला आणि भाडं मारायला गेला. बाई साठीच्या पुढची. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. कान्हूने बघायचं नाही असं ठरवलं आणि अर्थातच बघितलं.

"बघितलास?" बाई म्हणाली. "साखरेनं गेला. आता तुझे दाखव."

कान्हू गडबडला. पण म्हाताऱ्या माणसाला कोणीतरी काहीतरी दाखव म्हणालं, ही गोष्टच मोठी. त्याने चप्पल काढून तळवा वर केला. भेगाळलेला, पांढरट, दगडासारखा.

"अगो बाय," ती म्हणाली. "ह्यापरीस माझा बरा. गेला तर गेला."

कान्हू हसला. कधी हसला होता शेवटचं, ते त्याला आठवेना.

बाईचं नाव शकू. निडीकडच्या एका गावची. जन्मभर भात लावला आणि भातामागून वाल पेरला. पाय गेल्यावर शेत सुटलं, आणि मूलबाळ नसल्याने बहिणीचा मुलगा प्रविण तिला रोह्याला आपल्या घरी घेऊन आला. तोच रिक्षावाला. रोज साडेचारला तो तिला नदीवर आणून सोडायचा आणि पाचला न्यायचा. दुसऱ्या दिवशी साडेचारला कान्हू बाकावर होता. तिसऱ्या दिवशी चारलाच येऊन बसला.

दोघं बोलायची म्हणजे मुख्यतः भांडायची.

"मीठ पिकवनं ही काय शेती हाय, दादा? पानी आटलं की झालं मीठ."

"आन भात गो? पाऊस परला की झाला भात."

"वाल खाल्लेस का कधी आमचे? कडू वालाची उसळ?"

"खाल्ली. मीठ कमी होतं."

असं. यात जगाच्या उपयोगाचं एक अक्षर नव्हतं. पण तो अर्धा तास सोडला तर कान्हूच्या दिवसाला दुसरं काही नव्हतं. सकाळी उठल्यापासून तो दुपारच्या भांडणाचा मुद्दा शोधत बसायचा आणि रात्री अंथरुणावर पडून, तिला काय उत्तर द्यायला हवं होतं ते ठरवायचा. एकटेपणा म्हणजे काय हे त्याला नेमकं या अर्ध्या तासामुळे कळलं. त्याआधी तो नुसता होता.

आता आषाढाकडे येऊ, कारण कान्हूने जे केलं ते आषाढात केलं.

अवसेचं उधाण होतं. समुद्राचं पाणी भरतीला नदीतून वर चढतं आणि ओहोटीला उतरतं, हे कान्हूच्या रक्तातलं गणित. ओहोटी लागल्यावर तो कठड्यावरून वाकून पाणी बघत होता, आणि तो आणखी खाली वाकला. मधल्या बागेच्या उताराखाली नदीच्या अंगाला जी दगडी भिंत होती, तिच्यात मुठीएवढी भोकं होती. एकदोन नाहीत, अकरा. आणि प्रत्येकातून गढूळ पाण्याची धार लागली होती.

खारपट्ट्यातल्या माणसाला हे दृश्य कसं दिसतं, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. तिथे गाव, शेत, सगळं भरतीच्या पातळीखाली. मधे मातीचा बांध, तेवढाच. खेकड्याने एक बीळ केलं, त्यातून पाणी झिरपायला लागलं, की उधाणाला त्या बिळाची खांड म्हणजे मोठं भगदाड होतं, बांध वाहून जातो आणि खारं पाणी शेतात शिरलं की तीन वर्षं तिथे भात उगवत नाही. म्हणून गावात रीत अशी, की ज्याला भोक दिसलं त्याने ते आधी बुजवायचं. माती नसली तर अंगातलं कापड काढून कोंबायचं. आणि मग गावाला हाक मारायची. हाकेसरशी म्हातारेकोतारे धावत येतात, भोक बघतात, बुजवलंय ते नीट की नाही ते तपासतात, दोन शिव्या देतात आणि पुन्हा नीट बुजवतात.

कान्हूने रीतीप्रमाणे केलं. चार दिवस ओहोटी साधून घाटाच्या पायऱ्यांनी चिखलात उतरला. तबेलेवाल्याकडून पेंढा मागून आणला, चिखलात कालवला, गोळे केले. कापड हवं होतं. घरात होती ती दिशाची आणि नितेशची कापडं, त्यांना कसा हात लावणार? आपल्या ट्रंकेत धोंडुबाईचं हिरवं लुगडं होतं, तेवढंच. त्याने ते फाडलं. फाडताना थांबला, नाही असं नाही. पण बांधाला भोक पडल्यावर धोंडुबाईने ते स्वतःच फाडून दिलं असतं, हेही त्याला ठाऊक होतं. अकराही भोकं त्याने हातभर आतपर्यंत ठासून भरली. काम असं झालं की एक थेंब बाहेर येईना.

"तुझ्या वाटंखालून पानी फुटत होता गो," त्याने शकूला सांगितलं. "बंद केला मी."

"म्हंजे तू नसतास तर मी खुर्चीसकट नदीत गेले असते?"

"समुद्रात. नदीत कशाला थांबतेस?"

ती खूप हसली, आणि मग हसायचं थांबवून म्हणाली, "बरा माझा पहारेकरी हायस." ते एक वाक्य कान्हूने आठवडाभर पुरवून वापरलं.

हाक मारायची तेवढी राहिली. कोणाला मारणार? गाव असतं तर दहा जण धावले असते आणि त्यातला एखादा तरी म्हणाला असता, अरे कान्हू, हे बांधाचं भोक नाही रे. रोह्यात त्याच्या ओळखीचं एकच माणूस होतं, आणि तिला भातातलं कळायचं, बांधातलं नाही. सगळी चूक इथे आहे. चिखल चुकला नाही, हात चुकले नाहीत. माणूस एकटा पडला की त्याची चूक दाखवायलाही कोणी उरत नाही.

पुढे पंधरा दिवस पाऊस धरला तो धरला. आणि एका सकाळी मधल्या बागेचा उतार बसला. फरशा उलट्यासुलट्या झाल्या, पिवळी पट्टी मोडली, खालच्या भिंतीला पोट आलं. कोणाला लागलं नाही, तेवढं नशीब. कान्हू पोचला तेव्हा दोरी बांधून झाली होती आणि 'रस्ता बंद' अशी पाटी लागली होती. साडेचारला रिक्षा आली. प्रविणने खाली उतरून बघितलं, मान हलवली. रस्त्यावरून खाली यायचा उतार तो एकच; दुसरीकडून घाटाच्या पायऱ्या होत्या, अठरा. रिक्षा वळली. मागच्या पडद्यातून एक हात बाहेर आला आणि हलला. कान्हूनेही हात केला, पण तोवर रिक्षा गेली होती.

तरी तो रोज चारला जायचा. दोरीच्या अलीकडे उभा राहायचा आणि पाच वाजले की घरी यायचा. हे वेडेपण होतं आणि ते त्याला कळत होतं.

गणपतीच्या आधी पाऊस जरा उघडला, तेव्हा ठेकेदाराची माणसं आली. त्यांच्यात सुरभी नावाची तरुण इंजिनीअर होती, डोक्यावर पांढरं हेल्मेट, पायात गमबूट. तिने भिंत बघितली, भोकं बघितली, एकात सळई घालून बघितली. कान्हू दोरीशी उभा राहून ऐकत होता.

"सगळे पाइप गाळाने भरलेत," ती बरोबरच्या माणसाला म्हणाली. "भरतीचा गाळ आत चढलाय. आता काढला तरी पुन्हा भरणार. इथे रॅम्प टिकायचा नाही. काढून टाकू आणि पायऱ्याच करू."

पायऱ्या. पायऱ्या झाल्या की ती खुर्ची कायमची गेली. दोरीखालून वाकून तो पुढे झाला.

"तो गाल नाय, बाय. ती माती माजी हाय."

"आजोबा, बाजूला व्हा, घसराल."

"मी भरली. अकराच्या अकरा. पानी फुटत होता म्हनून."

माणसं हसली. सुरभी हसली नाही, पण तिचा विश्वासही बसला नाही. "आजोबा, हे नदीचं काम आहे. तुमचं नाही."

मग कान्हू चिखलात उतरला, एका भोकात कोपरापर्यंत हात घातला आणि ओढलं. पेंढ्याचा गोळा आला आणि गोळ्यामागोमाग हिरव्या लुगड्याची हातभर चिंधी, काठासकट.

"नदी लुगरा नेसते काय?" तो म्हणाला. "माज्या बायकोचा हाय."

आता कोणी हसेना. सुरभी खाली त्याच्याजवळ येऊन उभी राहिली आणि तिने समजावून सांगितलं, रागावून नाही. ती भोकं मुद्दाम ठेवली होती. मातीत मुरलेलं पाणी आत कोंडू नये, बाहेर पडावं म्हणून.

"म्हंजे उघाडी?" कान्हूने विचारलं. खारबंदिस्तीत आतलं पाणी बाहेर सोडायला जे दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. गावच्या उघाडीची राखण त्याच्या बापाने केली होती, त्याने स्वतः केली होती.

"हो, तसंच."

"पन उघारीला झाकन असतं. भरतीला लागतं, ओटीला उघरतं. बिनझाकनाची उघारी कुनी बघितलीय?"

सुरभीने वही काढली. तिने वहीत लिहून घेतलं की पाइप हाताने बुजवले गेले होते, सगळे साफ करून रॅम्प पूर्वीसारखा करता येईल. एवढं झालं. पायऱ्या टळल्या.

कान्हूचं मात्र जे व्हायचं ते झालं. नगरपालिकेत नितेशला बोलावून घेतलं, त्याला बापाच्या वतीने माफीपत्र लिहून द्यावं लागलं. बाजारात दोन दिवस लोकांना करमणूक झाली. घरी आल्यावर नितेश ओरडेल अशी कान्हूची अपेक्षा होती, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, "बाबा, आईचं लुगडं?" आणि आतल्या खोलीत गेला. दिशाने जेवायला वाढलं. तिघांच्या ताटात आमटी निवून गेली.

शकूला आपण स्वतः सांगायला हवं, हे त्याला त्याच दिवशी वाटलं होतं. तिचं घर त्याला ऐकून ठाऊक होतं, बाजारामागे भातगिरणी आहे, तिच्या पुढचं तिसरं. गणपती गेल्यावर एका दुपारी तो निघाला. गिरणीपाशी आला. पिठासारखी धूळ उडत होती, आत हमाल होते, आणि त्यातला एकजण दुसऱ्याला कोपराने ढोसून कान्हूकडे बघत काहीतरी म्हणाला. कदाचित दुसऱ्याच कशाबद्दल म्हणाला असेल. पण कान्हू तिथेच थबकला. पहारेकरी म्हणाली होती ती. तिच्यापुढे काय तोंड घेऊन उभं राहायचं? तो वळला आणि घरी आला. पुन्हा त्या बाजूला गेला नाही.

उतार दुरुस्त होऊन कोजागिरीच्या सुमारास पुन्हा सुरू झाला. नव्या फरशा जुन्यांपेक्षा जरा जास्त पिवळ्या दिसत होत्या. कान्हू चारला येऊन बसला. साडेचारला रिक्षा आली, आणि प्रविणने खुर्ची खाली आणून रिकाम्या जागेत लावली. शकू वाळली होती. हाताची हाडं दिसत होती. "तू जा," ती प्रविणला म्हणाली, "पन लांब जाऊ नको."

कान्हूने पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं. भोकं, पेंढा, उघाडी, झाकण. "तुजी वाट मीच बुरवली गो, शकू."

"म्हाईत हाय. सगळ्या रोह्याला म्हाईत हाय." ती नदीकडे बघत होती. "चांगलं म्हनून केलंस. त्याचा मला राग नाय. त्या दिवशी प्रविणनं सांगितलं तवा मी हसले."

कान्हूचा जीव भांड्यात पडला. पण ती थांबली नव्हती.

"गिरनीपाशी आलावतास तू. मी खिडकीत होते. मला खिडकीशिवाय काय हाय दुसरं? तुला बघितला आन प्रविणच्या बायकोला म्हटलं, च्या टाक, मानूस येतोय. हात केला मी. आन तू फिरलास."

"मना दिसला नाय गो. मना लाज वाटली."

"लाज तुझी," शकू म्हणाली, "आन अडीच महिनं घरात बसले मी."

कान्हूला वाटत होतं की तो अर्धा तास फक्त त्याचा होता. तिला रिक्षा होती, भाचा होता, भरलं घर होतं, जीभ होती. आपल्यासारख्या माणसाची कोणी खिडकीत बसून वाट बघेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता आलं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही.

तिने प्रविणला हाक मारली. पाच वाजायला अजून बराच वेळ होता. प्रविणने एकदा मावशीकडे आणि एकदा कान्हूकडे बघितलं, आणि खुर्ची उताराला लावली.

"रिक्षा नको," वर पोचल्यावर ती म्हणाली. "खुर्ची ढकलतच ने."

प्रविण खुर्ची ढकलत बाजाराच्या दिशेने निघाला. कान्हू उठला, कठडा धरून उतार चढला आणि दहा पावलं अंतर ठेवून त्यांच्या मागे चालू लागला. रस्ता खडबडीत होता, दोनदा ठेचकाळला. गिरणी आली, मागे पडली. शकूने वळून बघितलं नाही, आणि परत जा असंही म्हणाली नाही.